एका टेबलाला एकच कुपन

आमच्या भाऊजींना या सदराचे वाचक ओळखतात. मिक्सरच्या वॉरंटी कार्डाला लॅमिनेशन करून घेतलेले ते हेच. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच काळजी असते: जगात कुठेतरी सवलत चालू असेल आणि ती आपल्याला कळलीच नाही तर? या आठवड्यात एक कळली. घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात बिलातून हजार रुपये वजा करणारे कुपन मोबाइलवर २४९ रुपयांना मिळत होते. भाऊजींनी आधी दोन कुपने घेतली आणि मग जेवायला जायचे निमित्त काय, याचा विचार केला. निमित्त घरातच निघाले. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, साठ वर्षांची होत होती.

ताईचा वाढदिवस शनिवारी आणि कुपन चालणार सोमवार ते गुरुवार. "वाढदिवस चार दिवस पुढे गेला म्हणून बिघडत नाही, कुपनाची मुदत जाते," असे म्हणून भाऊजींनी तो प्रश्न निकालात काढला. मग वार ठरवायला बसलो. सोमवारी भाऊजींचा उपास. मंगळवारी ताईचा, गणपतीचा. गुरुवारी सूनबाई बाहेरचे खात नाही. उरला बुधवार. ही सोमवार ते गुरुवारची अट ज्या कोणी काढली, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर एखादा मराठी माणूस बसलेला असणार असा माझा दाट संशय आहे. चार दिवस दिल्याचा मोठेपणाही मिळवायचा आणि गिऱ्हाइकाच्या पदरात एकच टाकायचा.

अटी तेवढ्यावर थांबत नव्हत्या. बिल कर सोडून किमान अडीच हजारांचे हवे. थाळी आणि बुफेला कुपन लागू नाही. पाण्याच्या बाटल्या आणि थंड पेये त्या अडीच हजारांत धरायची नाहीत. दुसऱ्या कुठल्या योजनेशी सांगड घालायची नाही. आणि सगळ्यात खाली, मुंगीला चष्मा लावून वाचावी लागेल अशा अक्षरात: एका टेबलाला एकच कुपन.

आम्ही होतो आठ जण.

"सोपं आहे, दोन टेबलं," भाऊजी म्हणाले. त्यांनी घरूनच कागदावर वाटणी करून आणली होती. पहिल्या टेबलावर ते, ताई, मी आणि आमचे हे. दुसऱ्यावर भाचा चिन्मय, त्याची बायको आणि तिचे आईवडील. व्याह्यांना भाऊजींनी फोनवर आधीच सांगून ठेवले होते की हॉटेलात शिरताना दहा मिनिटांचे अंतर ठेवा. व्याही सज्जन गृहस्थ. ते खरोखरच दहा मिनिटे बाहेर पानाच्या गादीपाशी उभे राहिले.

आत टेबले मिळाली ती अगदी शेजारशेजारची. कॅप्टन हुशार होता. त्याने आमच्या टेबलावरून त्यांच्या टेबलावर गेलेला मसाला पापड पाहिला, तिकडून इकडे आलेली लोणच्याची वाटी पाहिली आणि अदबीने विचारले, "साहेब, टेबलं जोडून देऊ का?"

"नको नको," भाऊजी म्हणाले, "आमची ओळख नाही."

त्याच क्षणाला चिन्मय पलीकडून म्हणाला, "बाबा, तुमचा चष्मा माझ्याकडे राहिलाय."

कॅप्टनने चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू दिली नाही. असे लोक राज्यपाल व्हायला हवेत. पुढे केक आला तेव्हा तो कुठल्या टेबलावर ठेवायचा हे त्याने विचारले नाही. दोन टेबलांच्या मधल्या फटीत एक स्टूल आणून त्यावर ठेवला. आम्ही आठही अनोळखी माणसे उठून उभे राहिलो आणि एका सुरात ताईला शुभेच्छा दिल्या. बाकीच्या टेबलांवरच्या लोकांना, या बाई कोणीतरी मोठ्या असणार, असे वाटले असावे.

आता जेवणाविषयी. मी एरवी हॉटेलात काय मागवते हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या डाळ-खिचडीवरून पूर्वी पत्रे आलेली आहेत. पण अडीच हजार गाठायचे असतात तेव्हा खिचडीसारख्या गोष्टींना टेबलावर जागा नसते. मेन्यूकार्ड मी पहिल्यांदाच उजवीकडून डावीकडे वाचले. सगळ्यांची पोटे भरली तेव्हा आमच्या टेबलाचा आकडा २,३१० वर होता. भाऊजी मोबाइलवर बेरीज करत म्हणाले, "एकशे नव्वद कमी पडताहेत." जेवण संपलेल्या माणसाने एकशे नव्वद रुपये खायचे म्हणजे काय खायचे? पनीरचे काहीतरी मागवले, २३० चे. ते कोणाला नको होते. त्याचे नावही आता आठवत नाही, 'दोनशे तीसवाले' एवढेच आठवते. पलीकडच्या टेबलावर विहीणबाई त्याच अवस्थेत पुलावाकडे बघत होत्या.

बिले आली. आमचे २,५४० आणि त्यांचे २,६१५. दोन्हींतून हजार हजार गेले आणि दोन्हींवर दहा टक्के सेवाशुल्क चढले. तेही वजाबाकीच्या आधीच्या रकमेवर. इथे मात्र भाऊजींना मानले. त्यांनी पाकिटातून घडी घातलेले कात्रण काढले. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैत सांगून ठेवले आहे की सेवाशुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले आहे. कॅप्टनने कात्रण न वाचताच शुल्क काढून टाकले. पाच टक्के जीएसटी धरून दोन्हींचे मिळून ३,३१३ रुपये झाले. त्यात कुपनांचे ४९८ मिळवा. ३,८११. आम्ही आठ जण एरवी हवे ते खाऊन, एकाच टेबलावर बसून, एकमेकांना ओळख दाखवून जेवतो त्याचे बिल ३,८०० च्या घरात जाते. भाऊजींच्या वहीत मात्र बुधवारची नोंद 'वाचले रु. २,०००' अशी आहे. बँकेचा माणूस आहे, मी वाद घातला नाही.

वाद घातला तो टिपेवरून. भाऊजी म्हणाले, बिलाच्या दहा टक्के. मी म्हटले, कुठल्या बिलाच्या? त्या पोऱ्याने पाच हजारांच्या वर किमतीच्या ताटल्या दोन टेबलांवर वाहिल्या, पापडांची ये-जा सांभाळली, स्टूल उचलून आणले. आणि त्याची टिप सवलतीनंतरच्या आकड्यावर? कुपन काढणारी कंपनी मालकाशी काय ठरवते ते ठरवते. वाढप्याशी कोणी काही ठरवत नाही, आणि कापले जाते त्याच्या हातचे. शेवटी टिप मूळ रकमेवर दिली. भाऊजींनी ती वहीत 'इतर' या सदराखाली घातली.

यात नवे काही नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात झोमॅटोने आपल्याकडे 'गोल्ड' आणले, तेव्हा सभासदाला एका पदार्थावर एक आणि दोन पेयांवर दोन फुकट मिळत. लोकांनी त्याचे एवढे सोने केले की ऑगस्ट २०१९ मध्ये गुरुग्रामपासून हॉटेलवाल्यांनी 'लॉगआउट'ची मोहीम काढली आणि बघता बघता हजारावर हॉटेले त्यातून बाहेर पडली. मग कंपनीने नमते घेतले आणि टेबलामागे जास्तीत जास्त दोन, अशी मर्यादा घालायचे ठरवले. म्हणजे टेबले मोजायची अक्कल हॉटेलांना भाऊजींसारख्यांनीच शिकवली. त्याही आधी, २०१३ च्या सप्टेंबरात, कांदा कडाडलेला असताना ग्रुपॉनने भारतात नऊ रुपये किलोने कांदा विकायला काढला होता आणि गर्दीने त्यांचे संकेतस्थळ कोसळले होते. सवलतीत स्पा, सवलतीत पिझ्झा विकणाऱ्या परदेशी कंपनीला इथले खरे गिऱ्हाईक कुठे आहे ते एका कांद्याने कळले.

आणि स्वस्त जेवणाचेच म्हणाल तर सरकारने सगळ्यांना मागे टाकले आहे. १९९५ च्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली. २०२० च्या प्रजासत्ताकदिनी सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात दहा रुपयांत होता. किमान बिलाची अट नाही, सोमवार-गुरुवार नाही. मोबाइलवर फोटो काढून घेत, तेवढेच.

पण कुपन म्हटले की मला यातले काहीच आठवत नाही. माटुंगा स्टेशनाबाहेर रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगात १९४२ पासून लोक जेवताहेत. तिथे गल्ल्यावर आधी पैसे भरून कुपन घ्यायचे आणि मग पानावर बसायचे, हे पुष्कळांना माहीत असेल. ते एकवेळचे कुपन. मी म्हणते ते महिन्याचे. पुण्यात शिकायला असताना सदाशिव पेठेतल्या एका काकूंच्या खानावळीत आम्ही मुली जेवायला जायचो. साठ कुपनांचे पुस्तक, पातळ पिवळ्या कागदाचे, प्रत्येकावर रबरी शिक्का आणि शिक्क्यावर काकूंची सही. सवलत म्हणाल तर एवढीच, की सुट्या जेवणापेक्षा पुस्तकातले जेवण थोडे स्वस्त पडे. त्या थोड्यासाठी महिन्याचे पैसे आधी मोजायचे.

काकूंच्या अटी भिंतीवर तैलरंगात लिहिलेल्या होत्या. खाडा आदल्या दिवशी सकाळी दहाच्या आत सांगावा. तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जाणार नाही. रविवारी दुपारी फीस्ट, त्याला दोन कुपने. रविवारी रात्री बंद. पाहुणा आणल्यास दीड कुपन. हे अर्धे कुपन कसे द्यायचे असे कोणी विचारले की काकू कात्री घेऊन येत. खरोखर मधोमध कापून अर्धा तुकडा परत देत. आमच्या खोलीत असले अर्धे तुकडे एका डबीत साठवलेले असायचे. दोघींनी आपापले अर्धे जोडून आणले, तर शिक्का जुळतो का ते बघायला काकू ते दोन्ही तुकडे उजेडात धरायच्या.

खाड्याचे राजकारण तर वेगळेच. दोनच दिवस गावी जायचे असेल तर तिसऱ्या दिवशी पुण्यात असूनही जेवायला जायचे नाही, म्हणजे तीन दिवसांचा खाडा पदरात पडतो. त्या तिसऱ्या दिवशी पाव आणि केळी खाऊन काढायचे, आणि खानावळीच्या गल्लीतून जायचे नाही, कारण काकू खिडकीत बसलेल्या असायच्या. एकदा त्यांनी लातूरच्या एका मुलीला खिडकीतून हाक मारून विचारले, "काय गं, लातूर इतकं जवळ आलं?"

महिनाअखेरीला ही कुपने नोटांसारखी फिरत. झेरॉक्सचे पैसे कुपनांत, सायकलचे पंक्चर कुपनात. कोणाच्या भावाने एकदा सिनेमाची तिकिटे आणली होती, तर त्याला तीन वेळचे जेवण मिळाले. पाहुण्याच्या दराने, त्यामुळे साडेचार कुपने गेली आणि सिनेमाही काही धड निघाला नाही. फीस्टला श्रीखंड असले की शनिवारी रात्री कुपनाचा भाव वधारे. मला अर्थशास्त्र जे थोडे कळते ते तिथे कळले. वर्गात शिकवत होते ते ग्रेशॅमचे काहीतरी होते.

वार्षिक परीक्षा संपल्यावर खरी पंचाईत व्हायची. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आणि हातात सहा कुपने. काकूंच्या भिंतीवर शेवटची ओळ अशी होती की पैसे परत मिळणार नाहीत, आणि पुढच्या वर्षी कुपनाचा रंग बदलायचा, तेव्हा ठेवूनही उपयोग नाही. मी सहाही कुपने त्यांच्यापुढे ठेवून म्हटले, "काकू, आज रात्री एकच जेवण होईल, बाकीच्यांचं काय करू?"

काकूंनी कुपने मोजली, उजेडात धरली, एक वेगळे काढले आणि म्हणाल्या, "हे आजचं. उरलेल्या पाचांचे पाव किलो बेसनाचे लाडू ने. गाडीत खा."

पाच जेवणांचे पाव किलो लाडू. त्या दरावरून आमच्या खोलीत रात्री एक वाजेपर्यंत भांडण चालले होते. लातूरवालीचे म्हणणे असे की कमीत कमी अर्धा किलो बसायला हवे होते, शिवाय लाडवांत बेदाणा नव्हता. मी तूप चांगले होते या मुद्द्यावर शेवटपर्यंत अडून राहिले.