करमरकरांचं पान

१९६२ साली ‘महाराष्ट्र टाइम्स’ सुरू झाला, तेव्हा मराठी दैनिकांत खेळाची बातमी कोपऱ्यात अंग चोरून बसायची. क्रीडा पत्रकार वि. वि. करमरकरांनी तिला हक्काचं पान मिळवून दिलं. कसोटी क्रिकेटच्या शेजारी तिथे कबड्डी-खोखो आले, संघटनांमधलं राजकारणही आलं. रेडिओवरचं त्यांचं मराठी समालोचन तर घराघरांत पोहोचलं. मार्च २०२३ मध्ये ते गेले. आज धावसंख्या मोबाइलवर क्षणात मिळते. पण जिल्ह्याच्या खोखो स्पर्धेत काय झालं, हे शोधून पाहा! म्हणूनच करमरकरांवरचा हा अंक. निव्वळ गौरवांक काढणं आम्हाला रुचलं नाही, त्यामुळे त्यांच्याशी झालेले मतभेदही यात आहेत. तुमच्याकडे जुनी कात्रणं, आठवणी असतील तर जरूर पाठवा. पटलं नाही, तर तेही कळवा.