थर जाड, हात हलका

आपल्या पिढीकडे वस्तू भरपूर आणि मालकी मात्र बेताचीच! फ्लॅट भाड्याचा, भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी घरमालकाला फोन. गाडी दारात उभी, पण आरसीवर कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव. लॅपटॉप तर काय, कंपनीचाच. अशात एखादी वस्तू आपल्या मनासारखी करायची आणि वेळ आली की होती तशी परत द्यायची, अशी सोय मिळाली तर? मंडळी, गाडीच्या चाकांपुरती तरी ती आहे. स्प्रेच्या कॅनमध्ये मिळते.

तिचं नाव पीलेबल कोटिंग. म्हणजे सोलून काढता येणारा रबरी रंग. यातलं सगळ्यात गाजलेलं नाव प्लास्टी डिप. १९७२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात सुरू झालेला हा उद्योग मुळात हत्यारांच्या मुठींसाठी होता. पक्कड या द्रवात बुडवायची, वाळवायची, की मुठीवर रबराचं मऊ आवरण तयार. पुढे तेच आवरण स्प्रेमधून गाड्यांवर आलं.

मी चालवते ती गाडी बाबांची. रिटायर झाल्यावर त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, ‘‘पुण्याला घेऊन जा. पण आहे तशी ठेव.’’ गाडी ठणठणीत, पण अलॉय व्हील्स फुटपाथला घासून आणि ब्रेकची काळी धूळ खाऊन पार कळकट झालेली. मला ती मॅट काळी हवी होती. बाबांना ‘रंग’ हा शब्दच नको होता. मग मी एका जुन्या स्टीलच्या डब्याचं झाकण स्प्रे केलं, रात्रभर वाळवलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी नखाने कड उचलली आणि अख्खं झाकण एका ओढीत सोललं. खाली स्टील जसंच्या तसं. हसू दाबत विचारलं, ‘‘चारही चाकांचं असंच निघेल?’’

‘‘नीट लावलं तर!’’

सगळी गोम या तीन शब्दांत आहे. लोकांना वाटतं, काढायचंच आहे तर पातळ लावू. नेमकं उलटं! थर जाड असेल तर तो एका सलग पापुद्र्यासारखा निघतो. पातळ असेल तर तुकड्या-तुकड्याने. ऑफिसमधल्या एका मित्राने एका कॅनमध्ये चारही चाकं उरकली. पुढचे दोन रविवार तो नव्या भांड्यावरचं स्टिकर खरवडावं तसा नखाने चाकं खरवडत बसला होता. (उपाय सोपा आहे : त्याच्यावरच आणखी दोन-तीन जाड थर मारायचे, वाळू द्यायचे आणि सगळं एकदम सोलायचं.)

तेव्हा कंजुषी नको. हॅचबॅकच्या चार चाकांना तीन-चार कॅन धरा. चाकं शाम्पूने धुवा, कोपऱ्यातलं ब्रेकचं काळं जुन्या टूथब्रशने काढा, पूर्ण कोरडी करा. पॉलिश किंवा वॅक्स अजिबात नको. टायर आणि रिम यांच्या फटीत पत्ते खोचा. हो, खेळायचेच! अख्ख्या गोलाला एक कॅट पुरतो. व्हॉल्व्हवर टेप लावा. चाक गाडीवरच असेल तर आतली ब्रेक डिस्क कागदाने नीट झाका. आणि नट जिथे आवळले जातात ती जागा कोरीच ठेवा. तिथे रबराचा थर दबून नट सैल पडू शकतो. हा प्रश्न स्टाईलचा नाही, जिवाचा आहे. चाक काढून बसवलंत तर नट पान्याने पक्के आवळा आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

कॅन चांगला हलवून १५ ते २० सेंटिमीटरवरून, हात सतत फिरता ठेवून मारा. पहिला थर फक्त धुरळल्यासारखा. खालचा रंग दिसला तरी घाबरू नका. मग १५-२० मिनिटांच्या अंतराने चार-पाच ओलसर, सलग थर. एकाच जागी हात थांबला की ओघळ आलाच. शेवटचा थर ओला असतानाच टेप काढा, नाहीतर टेपसोबत कडही निघून येईल. नंतर किमान चार तास गाडी हलवायची नाही.

लोगोची गंमत तर औरच. लोगोवर आणि आजूबाजूला बिनधास्त मारा. वाळल्यावर बाजूचा भाग सोलून टाका. थर लोगोच्या कडेवर तुटतो आणि लोगो तेवढा काळा राहतो!

आता नियम. बेसमेंट पार्किंगमध्ये हे उद्योग करू नका. यातली सॉल्व्हंट्स डोकं फिरवतात आणि पेटही घेतात. मोकळी हवा हवी, वाफा अडवणारा मास्क हवा (रुमाल चालणार नाही) आणि जवळपास सिगरेट किंवा उदबत्ती नको. जुलैमध्येही नको. दमट हवेत थरावर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरची कोरडी सकाळ उत्तम. बंपरच्या खरबरीत प्लॅस्टिकवर मारलंत तर काढताना रडाल. पेट्रोलने हे कोटिंग विरघळतं, म्हणून टाकीच्या झाकणाजवळ नको. दिवे आणि नंबर प्लेटला तर हातही लावू नका. अख्ख्या गाडीचा रंग बदलायचा विचार असेल तर आधी आरटीओ गाठा, कारण बॉडीचा रंग आरसीवर लिहिलेला असतो. चाकांचा आणि लोगोचा नसतो.

कोटिंग साधारण तीन वर्षं टिकतं, असं कंपनी सांगते. पण सोलायचं असेल तर वाट कशाला बघायची? थर जीर्ण होऊन तुटायला लागण्याआधीच काढलेला बरा. बाबांना मी दोन वर्षांची मुदत दिली आहे. त्यांनी कॅलेंडरवर खूण केली आहे आणि सोलायला आपणच येणार, असं बजावलंय. दोन चाकं त्यांची, दोन माझी!