जात ‘चोरली’ म्हणणाऱ्यांना सवाल

आपल्या भाषेत ‘जात चोरणे’ असा एक निर्दय शब्दप्रयोग रूढ आहे. चोरीची व्याख्या जुन्या दंड संहितेच्या कलम ३७८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ती कलम ३०३ मध्ये आहे. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलवली तर ती चोरी. मग स्वतःवर लादलेली जात ज्याने झाकली, त्याने कोणाचे काय नेले? बाबुराव बागूल यांनी १९६३ साली आपल्या कथासंग्रहाला ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हे नाव देऊन हाच शब्द व्यवस्थेच्या तोंडावर फेकला. साठ वर्षे उलटून गेली, तरी पिंजऱ्यात अजून झाकणाराच उभा आहे. झाकायला भाग पाडणारा मोकळाच फिरतो आहे.

या संदर्भात यशिका दत्त यांचे ‘कमिंग आऊट ॲज दलित’ हे इंग्रजी आत्मकथन आपल्या घराघरांत वाचले गेले पाहिजे. २०१९ साली ते प्रसिद्ध झाले आणि २०२० साली त्याला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. राजस्थानातील अजमेरच्या, सफाईकामाशी जखडलेल्या जातीतील ही मुलगी. आजोबा सरकारी अधिकारी झाले, तरी जात सुटली नाही. घराण्याचे आडनाव बदलले गेले. मुलीचा रंग उजळावा म्हणून आई तिला उटणी लावत राहिली. आपण ब्राह्मण आहोत असे सांगायला मुलगी शिकली. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात आणि पुढे पत्रकारितेत ती हे गुपित उराशी धरून वावरली. रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतर, जानेवारी २०१६ मध्ये, तिने ‘मी दलित आहे’ असे जाहीर केले. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तिथेच तिनेही शिक्षण घेतले होते.

ही कहाणी मुलीच्या घडण्याची आहे, तितकीच आईचीही आहे. घरातले गुपित सांभाळायचे काम आपल्याकडे नेहमी आईच्याच पदरात पडते. शाळेत काय सांगायचे, डब्यात काय द्यायचे, मैत्रिणी घरी आल्या तर कोणते फोटो दिसू द्यायचे, या सगळ्याची काळजी तीच वाहते. मूल कॉलेजात गेले की तिचा जीव टांगणीला लागतो. फी भरली का, हा प्रश्न असतोच. पण कोणी ओळखले तर नाही ना, हा प्रश्न त्याहून जड असतो.

आपल्या चळवळीने अशा कुटुंबांना पुष्कळ झोडपले आहे. ‘समाजाला विसरले, पांढरपेशे झाले’ असे आपण सभांमधून बोलतो. त्यात तथ्य नाही असे नाही. पण ज्या आईने मुलीला अपमानापासून वाचवण्यासाठी खोटे बोलायला शिकवले, तिला गुन्हेगार ठरवून आपण कोणाची वकिली करतो, याचा विचार केला पाहिजे. दुसरी वाटही आपल्याच स्त्रियांनी दाखवली आहे. उर्मिला पवार यांनी संसार, नोकरी आणि मुले सांभाळून एम.ए. केले. २००३ साली ‘आयदान’ मध्ये घरातले झाकलेले सगळे त्यांनी उघड्यावर मांडले, नवऱ्याचा विरोधसुद्धा. एका घराने लपवले, दुसऱ्या घरातल्या बाईने लिहिले. दोघींची लढाई मात्र एकाच व्यवस्थेशी आहे.

सांगितल्यावर काय होते, तेही पाहू. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहितचा बळी गेला. त्यानंतर चौकशीचा रोख विद्यापीठावर राहण्याऐवजी त्याच्या आईकडे वळला. राधिका वेमुला यांचा जन्म माला जातीतला, वाढल्या त्या वड्डेरा कुटुंबात. एका बाईचे बालपण सरकारी फायलींत उसवले गेले. वास्तविक वडील दुसऱ्या जातीचे असले, तरी मूल अनुसूचित जातीच्या आईजवळ, त्या जातीचे भोग भोगत वाढले असेल, तर त्याला ते पुराव्याने सिद्ध करता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने रमेशभाई डाभाई नायका खटल्यात २०१२ सालीच दिला होता. तरीही बापाची जात हाच शेवटचा शब्द, हा मनुवादी हिशेब कचेऱ्यांतून गेलेला नाही.

मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. त्याच वर्षी तिची आई आबेदा तडवी आणि राधिका वेमुला या दोन मातांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समतेचे नियम कागदावरच आहेत, ही त्यांची तक्रार होती. जानेवारी २०२६ मध्ये नवे नियम निघाले आणि त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली. २०१२ चे नियम मात्र हातात राहिले. समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी त्यातच सांगितलेले आहेत.

तेव्हा कामाला लागावे लागेल. आपल्या गावातल्या, शहरातल्या प्रत्येक महाविद्यालयात हा अधिकारी कोण, हे विद्यार्थी संघटनांनी लेखी विचारावे. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. शिष्यवृत्तीच्या याद्या भर वर्गात वाचून दाखवल्या जात असतील, तर ते बंद पाडावे. आपल्या वकिलांनी मातांच्या बाजूने जातप्रमाणपत्राची प्रकरणे फी न बघता चालवावीत. आणि मातांना एवढीच विनंती आहे की, मुलाला त्याचा इतिहास तुम्हीच सांगा. कोणी शिवी म्हणून सांगण्याआधी सांगा. आजी-आजोबांनी काय सोसले ते सांगा आणि बाबासाहेबांनी काय मिळवून दिले तेही सांगा. मग बाहेर कोणाला सांगायचे, केव्हा सांगायचे, हा निर्णय त्या मुलाचा. त्याने सांगितले, तर त्या दिवशी तो कॉलेजात एकटा पडणार नाही, ही जबाबदारी आपणा सर्वांची.