विश्लेषण : अडीच टनांची एसयूव्ही साडेतीन सेकंदांत ‘शंभरी’ कशी गाठते? आणि थांबते कशी?

अवाढव्य एसयूव्ही, स्पीडोमीटरवर झरझर चढणारा आकडा आणि खाली ‘गाडी नाही, रॉकेट आहे’ अशा कमेंट. अशी रील्स आता रोजच समोर येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात दाखल झालेली लॅम्बोर्गिनी उरुस एसई ही त्यांतलीच एक. किंमत ४.५७ कोटी रुपये (एक्स-शोरूम), ताकद ८०० हॉर्सपॉवर, वजन सुमारे अडीच टन. तरीही ताशी १०० किमीचा वेग ३.४ सेकंदांत आणि कमाल वेग ताशी ३१२ किमी. हे शक्य होते कसे आणि त्यात धोका कुठे आहे?

उंच गाडी आणि वेग यांचे का जमत नाही?

एसयूव्हीचे वजन जमिनीपासून बरेच वर असते. वळण घेताना हे वजन बाहेरच्या बाजूला ढकलले जाते, गाडी झुकते, आतल्या बाजूच्या चाकांची पकड सुटू लागते. म्हणूनच स्पोर्ट्स कार जमिनीलगत आणि हलक्या बनवल्या जात. पण ग्राहकांना उंच बसायचे होते, चार-पाच जणांना सोबत न्यायचे होते. पोर्शेने २००२ मध्ये कायेन आणली, लॅम्बोर्गिनीने २०१७ मध्ये उरुस आणि २०२२ मध्ये फेरारीनेही पुरोसांग्वे आणली.

इंजिनाची ताकद हाच खरा चमत्कार का?

नाही, तो तुलनेने सोपा भाग आहे. पहिल्या उरुसमध्ये चार लिटरचे व्ही-८ इंजिन, दोन टर्बो आणि ६५० हॉर्सपॉवर होते. व्ही आकारातल्या सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खाचेतच टर्बो बसवलेले आहेत. त्यामुळे इंजिनातून निघणाऱ्या गरम वायूला टर्बोपर्यंत कमी अंतर कापावे लागते आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर प्रतिसाद लवकर मिळतो. एसई आवृत्तीत याच्या जोडीला इलेक्ट्रिक मोटर आणि २५.९ किलोवॅट-तासांची बॅटरी आली. म्हणजे वजन वाढले, तरी गाडी आधीपेक्षा चपळ झाली.

वळणावर गाडी झुकत का नाही?

खरी करामत इथे आहे. बहुतेक गाड्यांमध्ये डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी एक पोलादी दांडी असते, तिला अँटी-रोल बार म्हणतात. ती झुकाव कमी करते, पण फार कडक ठेवली तर खड्ड्यांत हाडे खिळखिळी होतात. उरुसमध्ये ही दांडी मधोमध तोडून तिथे ४८ व्होल्टवर चालणारी मोटर बसवली आहे. सरळ रस्त्यावर दांडीचे दोन भाग जवळपास मोकळे राहतात. वळण आले की मोटर त्यांना पीळ देऊन गाडी सपाट धरते.

एअर सस्पेन्शन गाडीची जमिनीपासूनची उंची १५८ ते २४८ मिलिमीटरपर्यंत बदलते. मागची चाकेही तीन अंशांपर्यंत वळतात. कमी वेगात ती पुढच्या चाकांच्या उलट दिशेला वळतात, म्हणून लांबलचक गाडी छोट्या जागेत फिरते. जास्त वेगात त्याच दिशेला वळतात, म्हणून लेन बदलताना गाडी स्थिर राहते.

मग थांबवायची कशी?

ब्रेक म्हणजे वेगाची ऊर्जा उष्णतेत बदलणारे यंत्र. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. अडीच टनांची गाडी ताशी २०० किमीवरून थांबवताना निघणारी उष्णता ११ लिटरहून अधिक थंड पाणी उकळीपर्यंत नेऊ शकेल. हे सगळे काही सेकंदांत घडते. साधी लोखंडी डिस्क वारंवार इतकी तापली की ब्रेकचा जोर कमी होत जातो. म्हणून उरुसच्या पुढच्या चाकांना ४४० मिलिमीटर व्यासाच्या कार्बन-सिरॅमिक डिस्क दिल्या. पहिली उरुस ताशी १०० किमीवरून ३३.७ मीटरमध्ये थांबते, असा कंपनीचा आकडा आहे.

पण हे अंतर ब्रेक दाबल्यानंतरचे आहे. समोरचा अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर ताशी १०० किमीला आणखी २८ मीटर जातात. ताशी २०० किमीला याच हिशेबाने एकूण अंतर १९० मीटरच्या आसपास जाते. तेही कोरडा, सपाट रस्ता आणि उत्तम टायर गृहीत धरून.

अडचण नेमकी कुठे?

जुन्या गाडीत वेग वाढला की स्टिअरिंग थरथरायचे, इंजिन ओरडायचे, वळणावर गाडी कलंडेल असे वाटायचे. ही भीती चालकाचा पाय आवरायची. आजचे तंत्रज्ञान नेमकी तीच भीती काढून घेते. आत बसलेल्याला ताशी १४० किमीही ८० सारखे वाटतात. बाहेरच्या माणसासाठी मात्र वजन, वेग आणि धडकेची ऊर्जा तेवढीच असते.

त्यात उंचीचा मुद्दा आहे. अमेरिकेतील ‘आयआयएचएस’ या संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या सुमारे १८ हजार अपघातांचा अभ्यास मांडला. ज्या वाहनांच्या बॉनेटची उंची ४० इंचांपेक्षा जास्त, त्यांच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली.

कोट्यधीशांच्या गाडीशी आपला काय संबंध?

संबंध आहे, कारण हा वेग आता स्वस्त होत आहे. चाकणमध्ये तयार होणाऱ्या महिंद्रा बीई ६ ची वरची आवृत्ती ६.७ सेकंदांत, तर टाटा हॅरियर ईव्हीची चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती ६.३ सेकंदांत ताशी १०० किमी गाठते, असे कंपन्या सांगतात. दोन्ही ३० लाखांच्या आत (एक्स-शोरूम) मिळतात. इलेक्ट्रिक मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते आणि इंजिनाचा आवाजही नसतो. म्हणजे धोक्याची आणखी एक खूण गेली. बॅटरीमुळे या गाड्या त्यांच्याच आकाराच्या डिझेल गाड्यांहून जडही असतात.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा जीव गेला आणि त्यांत सर्वांत मोठे कारण अतिवेग हेच होते. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांमध्ये ताशी ८० किमीनंतर अधूनमधून आणि १२० नंतर सतत बीप वाजणे बंधनकारक आहे. समृद्धी महामार्गावर कारसाठी कमाल मर्यादाही १२० चीच आहे. अनेकांना ती बीप कटकट वाटते. पण गाडीने बाकीच्या सगळ्या खुणा पुसून टाकल्यावर, वेगाची आठवण करून देणारी तेवढीच एक खूण उरली आहे.