ओढा कोरडा असला तरी

गांवालगतची वडिलोपार्जित जमीन बिनशेती करून तिचे भूखंड पाडावेत, असा विचार सध्यां पुष्कळ एकत्र कुटुंबांत चालू असतो. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. चार भावांच्या मुलांनीं एकाच वाड्यांत किती दिवस दाटीनें राहावें? परंतु अशा वेळीं दराची, वाटणीची, रस्त्याची जितकी चर्चा होते, तितकी पावसाच्या पाण्याची होत नाहीं. कोणीं वडील माणसानें शेजारच्या ओढ्याची आठवण दिलीच, तर "तो तर वर्षाचे आठ महिने कोरडाच!" असें म्हणून त्यांत मुरूम लोटण्याचा बेत ठरतो.

बीडकरांनीं तरी असें म्हणूं नये. आमच्या बिंदुसरेचें नांवच बिंदूवरून. उन्हाळ्यांत तिचें पात्र ओलांडतांना पाऊल भिजेल तर शपथ. त्याच बिंदुसरेचा पूर १९८९ सालच्या जुलै महिन्यांत शहरांत शिरला आणि अनेकांचे प्राण घेऊन गेला.

१९७४ च्या जलप्रदूषणविषयक कायद्यांत 'प्रवाह' या शब्दाची व्याख्या दिली आहे. आम्हीं जन्मभर मुलांकडून व्याख्या पाठ करून घेतल्या, पण इतकी सावध व्याख्या क्वचितच पाहिली. वाहता अथवा तूर्त कोरडा असलेला जलमार्ग, तसेंच भूगर्भांतील पाणी, हीं दोन्ही तींत येतात. 'तूर्त कोरडा' हे दोन शब्द आमच्या मराठवाड्यासाठींच योजिले असावेत, असें वाटतें! म्हणजे वैशाखांत ओढ्यांत शौचकूपाचें पाणी सोडणें हें कायद्याच्या दृष्टीनें नदींत सोडण्यासारखेंच झालें. भूगर्भांतील पाण्यास प्रवाह कां म्हणावें, अशी ज्यास शंका असेल त्यानें बीडजवळची खजाना विहीर पाहून यावी. निजामशाहीच्या काळीं, १५८२ च्या सुमारास, सलाबतखान जहागीरदार असतांना राजा भास्कर नामक स्थपतीनें ती बांधिली असें सांगतात. भुयारी मार्गांनीं पाणी तींत येतें व तशाच मार्गानें शेतांकडे जातें. एकानें आपल्या भूखंडांत मुरविलेली घाण दुसऱ्याच्या विहिरींत निघणें यांत मग नवल तें काय?

आतां थोडा शाळकरी हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. ५०० चौरस मीटरच्या भूखंडावर ५० मिलिमीटर पडला, कीं २५,००० लिटर. जमीन उघडी असतां यांतलें बरेंच मुरतें; फरशी आणि सिमेंटचा रस्ता झाल्यावर बहुतेक सर्व घटकेभरांत ओढ्याकडे धांवतें, आणि ओढा तर आपण आधींच बुजविलेला! २ डिसेंबर २०२० च्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलींत ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामास पर्जन्यजल साठविण्याची वा मुरविण्याची सोय आवश्यक केली आहे, ती याच हिशेबावरून. कौटिल्यानेंही घराच्या उदकमार्गास पुरेसा उतार न देणारास ५४ पण दंड सांगितला आहे. कागदावर शोषखड्डा दाखवून प्रत्यक्षांत तेथें मोटार उभी करणारांस त्यानें काय केलें असतें कोण जाणे!

नदीकांठच्या जमिनीस दोन रेषा लागू होतात. पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी, व शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची तांबडी. निळ्या रेषेच्या आंत बाग, वाहनतळ असल्या मोकळ्या उपयोगांखेरीज बांधकाम निषिद्ध. दोहोंच्या मध्यें तें नियंत्रित, आणि जोतें तांबड्या रेषेच्या पातळीहून ४५ सेंटिमीटर तरी वर हवें. शंभर वर्षांतून एकदां याचा अर्थ, पूर येऊन गेला म्हणजे नातवंडांपर्यंत निश्चिंत, असा मात्र करूं नये. प्रतिवर्षीं शंभरांत एक इतका त्याचा संभव असतो, आणि लागोपाठ दोन वर्षें तो येण्यास कोणताही नियम आड येत नाहीं.

अमेरिकेंत एक एकर वा अधिक भूमि उकरावयाची, तर काम चालू असतां गढूळ पाणी बाहेर कसें जाऊं देणार नाहीं याची लेखी योजना करून पर्जन्यजलाचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे असा एक परवाना नाहीं. २०,००० चौरस मीटर वा अधिक बांधकामास २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें पर्यावरणाची पूर्वमंजुरी. त्याखालीं नगरपरिषदेच्या नकाशांतील अटी, सांडपाण्याचे नियम, महसुलाचा आदेश, असें सर्व विखुरलेलें. विखुरलेलें कोणी एकत्र वाचीत नाहीं. घरांतील सेवानिवृत्त वडीलधाऱ्यांनीं हें काम आनंदानें अंगावर घ्यावें, अशी आमची सूचना आहे. वर्तमानपत्र दोनदां वाचण्यापेक्षां तें बरें.

त्यांनीं जमीन श्रावणांत, पाऊस पडून गेल्यावर, स्वतः चालून पाहावी. भूमिअभिलेख कचेरींतून गांवनकाशाची प्रत आणावी आणि ठेकेदारानें दिलेल्या रेखांकनाशेजारीं मांडावी. गांवनकाशांत ओढा आहे व रेखांकनांत त्याच जागीं नऊ क्रमांकाचा भूखंड आहे, असें आढळल्यास मुलांना सही करूं देऊं नये.