घरातली तिसरी दुर्बीण

आमच्या घरात दोन दुर्बिणी होत्या. तरीही यंदा आम्ही तिसरी घेतली. चाळीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या मावशींनी तर सरळच विचारले, "दोन असताना तिसरी कशाला? दुकान टाकताय की काय?"

मावशींचा प्रश्न रास्त आहे. पैसा कष्टाचा आहे. त्याचा हिशेब शेजाऱ्यांना नाही दिला तरी स्वतःला द्यावाच लागतो. तोच हिशेब आज वाचकांपुढे मांडत आहोत. हल्ली शाळेच्या सहली खाडीवर, अभयारण्यात जातात. मुले पक्षी बघू लागतात, दुर्बीण मागतात आणि आईबाप बाजारात जाऊन मोठा आकडा पाहून भुलतात. आम्हीही एकदा भुललो होतो. तेही सांगणार आहोत.

आमची पहिली दुर्बीण अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची. अण्णा गोदी कामगार होते. दारूखान्यात जुनी जहाजे तोडतात. तिथल्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी ती घेतली. तिच्यावर ७ × ५० असे कोरले आहे. वजन किलोच्या वर. दोन डोळ्यांसाठी दोन वेगळ्या कड्या फिरवून ती जुळवावी लागते. लांबच्या जहाजासाठी एकदा लावली की पुन्हा हात लावायला नको, पण या फांदीवरून त्या फांदीवर उडणाऱ्या पक्ष्यासाठी तिचा उपयोग नाही. कडी फिरवून होईतो पक्षी गेलेला असतो.

दुसरी आमच्या मुलीची. आठवीत आहे ती. तिची दुर्बीण ८ × २१ ची, घडी करून दप्तराच्या कप्प्यात मावणारी. दुपारच्या लख्ख उन्हात छान दिसते. सकाळी लवकर किंवा सावलीत मात्र सगळे काळवंडते.

आता हे आकडे काय असतात ते आधी समजून घेऊ. दुकानदार ते आपल्याला क्वचितच समजावून सांगतो. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते तो. ८ म्हणजे २०० मीटरवरचा पक्षी २५ मीटरवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. भिंग मोठे तितका प्रकाश जास्त आत येतो. २१ च्या भिंगापेक्षा ३२ चे भिंग सव्वादोन पटींहून जास्त प्रकाश घेते, ५० चे साडेपाच पटींहून जास्त.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ५० भागिले ७ म्हणजे सात मिलिमीटर. २१ भागिले ८ म्हणजे अडीचच्या थोडे वर. दुर्बीण हात लांब करून उजेडाकडे धरा. डोळा लावायच्या भिंगात एक उजळ गोल टिकली दिसेल. ती टिकली एवढ्या रुंदीची असते. तेवढाच प्रकाशाचा झोत आपल्या बुबुळाच्या बाहुलीत शिरतो. दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते. अंधारात तरुण माणसाची सातपर्यंत उघडते, वय झाल्यावर तितकी उघडत नाही. म्हणजे अण्णांच्या दुर्बिणीचा निम्म्याहून जास्त प्रकाश दिवसा वायाच जातो, आणि सत्तरी ओलांडलेल्या अण्णांच्या डोळ्यांना तो रात्रीही पुरता घेता येत नाही.

मग अडले कुठे? अडले मुलीच्या वहीत. ती पाहिलेले पक्षी वहीत लिहून ठेवते. तारीख, वेळ, जागा, पक्ष्याचे नाव. शिवडीच्या आणि ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्षी येतात, काही लोक त्यांना अग्निपंख म्हणतात. त्यांच्यात दोन जाती आहेत. मोठा रोहित उंच, रंगाने फिकट, चोच गुलाबी आणि टोक काळे. लहान रोहित बुटका, जास्त गुलाबी, आणि चोच गडद काळपट लाल. चोच दिसली तर जात कळते. तिच्या वहीत रोहितापुढे सात वेळा प्रश्नचिन्ह होते.

आणखी एक गोष्ट वही वाचताना कळली नाही, ती नंतर कळली. मुलीची आई चष्मा लावते. खाडीवर गेलो की तिच्या हातात दुर्बीण यायची, ती क्षणभर डोळ्यांना लावायची, "दिसला, दिसला" म्हणायची आणि पुढे द्यायची. एकदा मुलीने विचारले, "आई, पाय कसे होते सांग." तेव्हा ती हसून म्हणाली, "अगं, मला नाण्याएवढा गोल दिसतो. त्यात पक्षी सापडेपर्यंत तुमची घाई सुरू होते. मग मी दिसला म्हणते."

इतकी वर्षे आम्ही तिच्या शेजारी उभे राहून पक्षी पाहत होतो आणि तिला तो दिसत नव्हता. घरात वस्तू असणे वेगळे आणि ती घरातल्या सगळ्यांची असणे वेगळे. हे आम्हाला त्या दिवशी समजले.

आता आमच्या फसवणुकीची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एका फुटपाथवरून आम्ही २० × ५० लिहिलेली दुर्बीण घेतली. भिंगे लालभडक, चकचकीत. वाटले, वीसपट म्हणजे केवढे मोठे दिसेल! घरी येऊन पाहिले तर एका जहाजाची दोन जहाजे दिसत होती आणि दहा मिनिटांत डोके दुखायला लागले. दोन नळ्या एका रेषेत नसल्या की असे होते. ५० भागिले २० म्हणजे टिकली अडीच मिलिमीटरची हवी. आम्ही पट्टी लावली तर ती पाच भरली. म्हणजे दुर्बीण फार तर दहापटीची होती. आकडा खोटा होता. आणि ते लाल भिंग? लाल लेप लाल प्रकाश परतवून टाकतो, म्हणून आतले चित्र निळसर-हिरवट होते. त्यातून गुलाबी रोहित पांढरट दिसला. ज्या रंगासाठी लोक खाडीवर येतात तोच रंग दुर्बिणीने खाल्ला. ती दुर्बीण आम्ही मोजत नाही, म्हणून वर दोनच म्हटले.

या वेळी मात्र आधी कागद घेऊन बसलो. घरात आहे ते काय करते आणि काय करत नाही, याची यादी केली. संध्याकाळच्या अंधुक उजेडासाठी अण्णांची आहे. खिशात टाकायला मुलीची आहे. मधल्या कामाला काही नाही. मधले काम म्हणजे तीन-चार तास गळ्यात घालून फिरणे, चटकन जुळवणे, चष्म्यातून दिसणे आणि सकाळच्या उजेडात चोचीचा रंग कळणे.

बाजारात या कामाच्या तीन तऱ्हा आहेत. १० × ४२, ८ × ४२ आणि ८ × ३२, यालाच जवळची ८ × ३०. दुकानदार म्हणाला, "दहापट घ्या, सगळे तेच नेतात." दहापटीने पक्षी मोठा दिसतो हे खरे, पण हाताचे थरथरणेही दहापट मोठे दिसते, आणि नजरेत मावणारा भाग बहुधा लहान होतो. अण्णांचे हात आता कापतात. शिवाय होडीतून पाहायचे तर दहापट नकोच.

८ × ४२ चांगलीच. कुणाकडे एकही दुर्बीण नसेल आणि एकच घ्यायची असेल तर आम्ही तीच घ्या म्हणू. तिची टिकली सव्वापाच मिलिमीटर, पहाटेलाही चालते. पण वजन बहुतेक वेळा साडेसहाशे-सातशे ग्रॅम. पहाटेसाठी आमच्याकडे अण्णांची होती. जे घरात आहे त्याचेच पैसे पुन्हा कशाला मोजायचे? म्हणून आम्ही ८ × ३२ वर आलो. टिकली चार मिलिमीटर, म्हणजे दिवसाला पुरून उरते. वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास. मुलीच्या मानेला आणि अण्णांच्या हातांना झेपेल असे.

घाटाचाही विचार केला. दुर्बिणीच्या आत काचेचे लोलक असतात. जुन्या घाटाच्या दुर्बिणीला रुंद खांदे असतात, नव्या घाटाच्या नळ्या सरळ. तेवढ्याच पैशात खांद्यांच्या दुर्बिणीचे चित्र पुष्कळदा जास्त चांगले मिळते, हे लक्षात ठेवा. पण अण्णांच्या दुर्बिणीत मुंबईच्या दमट हवेने बुरशीचे जाळे धरले होते. म्हणून आम्ही पाणी आत न जाणारी, आत नायट्रोजन भरलेली सरळ नळ्यांची घेतली. ज्यांना उन्हापावसात वापरायची नाही त्यांनी खांद्यांची ८ × ३० जरूर पाहावी.

दुकानात गेल्यावर काय तपासावे ते क्रमाने सांगतो.

पहिले, चष्मा. डोळ्याजवळच्या रबरी कडा खाली करून चष्म्यासकट पाहा. पूर्ण गोल दिसला पाहिजे. डोळा भिंगापासून किती मिलिमीटर लांब ठेवून पूर्ण चित्र दिसते, हा आकडा माहितीपत्रकात असतो. चष्मेवाल्याला तो १५ च्या वर हवा. लहान दुर्बिणींत तो कमी असतो, म्हणून विचाराच.

दुसरे, टिकली. ती गोल आणि सगळीकडे सारखी उजळ हवी. कडेने चौकोनी कापल्यासारखी करडी सावली दिसली तर आतले लोलक हलक्या काचेचे आहेत असे समजा.

तिसरे, भिंगातले दिव्याचे प्रतिबिंब. हिरवट-जांभळट दिसले तर बरे. पांढरे लख्ख दिसले तर त्या काचेवर लेप नाही. लालभडक असेल तर खाली ठेवा.

चौथे, लांबच्या विजेच्या खांबाकडे किंवा इमारतीच्या कडेकडे पाहा. एकाची दोन दिसता कामा नयेत आणि डोळ्यांवर ताण येता कामा नये.

पाचवे, मधले चाक फिरवून जवळचे पाहा. दोन-तीन मीटरवरचे स्पष्ट दिसले तर फुलपाखरेही पाहता येतात. पट कमी-जास्त करणाऱ्या झूमच्या दुर्बिणीच्या नादी स्वस्तात लागू नका.

आमची दुर्बीण अकरा हजारांना पडली. ही रक्कम आमच्यासारख्या घराला लहान नाही. मुलीच्या आईचा भिशीचा नंबर लागला होता आणि ते पैसे कपाटासाठी ठेवले होते. आम्ही म्हणालो, दुर्बीण पुढच्या वर्षी बघू. ती म्हणाली, "अहो, कपाटात ठेवायला आहे काय? मला एकदा धड बघू द्या." दुकानात चष्म्यासकट पहिल्यांदा तिनेच पाहिले. समोरच्या इमारतीवर कबुतर बसले होते. ती बराच वेळ काही बोललीच नाही. आम्ही समजलो.

शिवडीच्या खाडीवरून आता अटल सेतू गेला आहे, तो जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. वर उत्तरेला ठाणे खाडी २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा मानही मिळाला. ऐरोलीला वनखात्याच्या केंद्रातून हंगामात होडीची फेरी असते. पण ती भरतीवर अवलंबून, म्हणून आधी चौकशी करून जावे. अण्णांना चौकशी लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा त्यांचा गोदीतला हिशेब. आम्ही गेलो त्या रविवारी दशमी होती. "दहाची पाऊणपट साडेसात. खाडीत आत पाणी चढायला आणखी थोडा वेळ धरा," अण्णा म्हणाले. तसेच झाले.

होडी हलत होती, पण आठपटीत पक्षी नजरेतून सुटत नव्हता. ओहोटी लागून चिखल उघडा पडू लागला तसे रोहित रांगेने पुढे सरकले. मुलगी सांगत होती, "आजोबा, चोच बघा, चोच!" अण्णांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन गेल्या वर्षी झाले. कोपरे होडीच्या कठड्यावर टेकवून त्यांनी सावकाश पाहिले आणि म्हणाले, "आयुष्यभर गोदीतून लांबून बघत आलो, ही पाखरे पांढरीच वाटायची." मग दुर्बीण मुलीच्या आईकडे गेली. तिने ती परत द्यायची घाई केली नाही. "हा काळपट चोचीचा, लहान. तो मागचा उंच, त्याची चोच गुलाबी आहे, टोक तेवढे काळे," असे तिनेच मुलीला सांगितले. वहीत त्या दिवशी दोन्ही नावे प्रश्नचिन्हाशिवाय लिहिली गेली.

शेवटी थोडे जपणुकीचे. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये, डोळा कायमचा जाऊ शकतो. मुलांना हे पहिल्याच दिवशी बजावा. जुळवताना आधी डाव्या डोळ्याने मधले चाक लावा, मग उजव्या डोळ्याने उजव्या नळीवरची कडी. भिंगावरची धूळ आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने उडवा. पदराने, शर्टाने पुसू नका, बारीक कण काचेवर ओरखडे पाडतात. पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत कोंडू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. बंदराच्या बंदिस्त हद्दीत विचारल्याशिवाय दुर्बीण काढू नका. आणि चाळीत राहणाऱ्यांनी ती समोरच्या खिडकीकडे वळवू नये, हे सांगायला नकोच.

वाचकांनो, घरात दुसरी-तिसरी कुठलीही वस्तू घेताना सर्वात मोठा आकडा कोणता हे विचारू नका. आतापर्यंत घरात कुणाला कमी दिसले ते विचारा. त्याच्या डोळ्याला लावून बघा आणि मगच पैसे द्या. शेजारच्या मावशींना आम्ही हेच उत्तर दिले. पुढच्या रविवारी त्या आमच्याबरोबर येणार आहेत. त्यांनाही चष्मा आहे.