रंगाचं औषध कुणी मागितलं होतं?

मी काळी आहे. सावळी नाही, निमगोरी नाही. हे आधीच सांगते, कारण माझ्या चेहऱ्याची वाट या एका शब्दाला घाबरणाऱ्या माणसांनी लावली.

सोळाव्या वर्षी गालांवर मुरुमं आली. ती दुखतात का, हे घरात कुणी विचारलं नाही. आत्या म्हणाली, “आधीच रंग असा, त्यात हे डाग. उद्या हिला दाखवायची कशी?” मग लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट आणि शेवटी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधली ट्यूब. पंधरा दिवसांत गाल गुळगुळीत, वर उजळही. आईनं देवापुढे साखर ठेवली. चार महिन्यांनी ट्यूब थांबवली आणि चेहरा पेटला. आग, पुरळ, हनुवटीवर लव.

त्या ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि जोरकस स्टिरॉइड होतं. अशा तिहेरी मिश्रणाची कृती क्लिगमन आणि विलिस यांनी 1975 मध्ये अमेरिकेत मांडली, ती त्वचेचा रंग फिका करण्यासाठी. मुरुमांवरचा तो इलाजच नव्हे. स्टिरॉइडनं मुरुमं उलट उफाळतात. 2018 मध्ये भारत सरकारनं 14 स्टिरॉइडांची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. गेल्या दिवाळीत माझ्या भाचीला तसलीच ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळाली. विकणाऱ्याला मी गुन्हेगार म्हणते, आणि पोरीला तिथे पाठवणारं घर त्याचं भागीदार.

डाग का पडतात, हे शाळेत कुणी का शिकवत नाही? मुरुमाची सूज आली की काळ्या त्वचेतल्या रंगपेशी जास्तीचं मेलॅनिन ओततात. मुरूम आठवड्यात बसतं, डाग महिनोन्‌महिने राहतो. म्हणून आमच्यासाठी पहिलं काम सूज लवकर उतरवणं. लिंबानं कातडी जळते, घासल्यानं सोलवटते, आणि त्या प्रत्येक जखमेचा नवा डाग पडतो. गोऱ्या गालावर जे खपून जातं, ते आम्हाला वर्षभर पुरतं.

डॉक्टरांनाही मी सोडणार नाही. माझ्या पहिल्या डॉक्टरांनी लाली दिसत नाही म्हणून “किरकोळ आहे” म्हटलं. काळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही; सूज जांभळट, तपकिरी दिसते. पाठ्यपुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्यांची. फिट्झपॅट्रिकची त्वचेच्या प्रकारांची प्रसिद्ध वर्गवारी 1975 ची, तीही आधी गोऱ्यांसाठी. तपकिरी नि काळी त्वचा नंतर जोडली. 2020 मध्ये लंडनमधल्या मलोन मुक्वेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याला काळ्या त्वचेवरची लक्षणं दाखवणारी पुस्तिका सहकाऱ्यांसोबत स्वतः काढावी लागली. शिकणाऱ्या पोरानं शिकवणाऱ्यांचं काम केलं.

भाचीला मी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. स्टिरॉइड त्यांच्या देखरेखीखाली सुटलं. आता मुरुमांसाठी रात्री वाटाण्याएवढं अ‍ॅडापॅलीन, सुरुवातीला एकाआड एक दिवस. वर साधं मॉइश्चरायझर. डागांसाठी अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड. सकाळी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन, कारण डाग नुसत्या दिसणाऱ्या उजेडानंही गडद होतात. फरक दिसायला दोन-तीन महिने जातात. पंधरा दिवसांत उजळवणारं जे काही असेल, त्याची मला आता भीती वाटते.

परवा आत्याचा फोन आला. “पोरीचा रंग उघडला का गं?”

“नाही आत्या. मुरुमं कमी झालीत.”

ती पलीकडे बराच वेळ काही बोलली नाही.